स्टार्टरची कॉइल वारंवार का जळते आणि ती बदलण्यापूर्वी काय तपासावे

हरभऱ्याचे आणि गव्हाचे ओलीत सुरू झाले की आर्वी तालुक्यातील आमच्या मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात जळलेल्या मोटरींपेक्षा जळलेल्या कॉइल जास्त येतात. शेतकरी खिशातून काळी पडलेली, बॉबिन वितळलेली कॉइल काढून काउंटरवर ठेवतो, तशीच दुसरी मागतो आणि दहा-बारा दिवसांनी पुन्हा तीच मागणी घेऊन उभा राहतो. मागच्या रब्बीत एका काकांनी पंधरा दिवसांत तिसरी कॉइल नेताना मला सुनावले होते, “भाऊ, तुमच्या कॉइलीतच दम नाही. बटन दाबलं की स्टार्टर घुमून राह्यला, अन् वास सुटला की समजाचं, गेली.” काकांच्या या वाक्यात निदानाला लागणारी सगळी माहिती होती, फक्त दोष कॉइलवर ढकलला गेला होता. स्टार्टर घुमतो म्हणून कॉइल जळते, आणि तो का घुमतो हे शोधल्याशिवाय चौथी कॉइल टाकणे म्हणजे तिचेही पैसे वाया घालवणे होय.

हे लिखाण थ्री फेज मोटरीच्या साध्या डीओएल (डायरेक्ट ऑन लाइन, म्हणजे मोटर थेट लाइनवर जोडणाऱ्या) स्टार्टरविषयी आहे, म्हणजे ३ ते ७.५ एचपीच्या मोटरीसाठी आपल्या विहिरींवर आणि बोअरवर सर्वत्र दिसणाऱ्या, हिरव्या-लाल बटणाच्या पेटीविषयी. दुरुस्तीकडे वळण्यापूर्वी कॉइल नेमके काय काम करते ते थोडे समजून घ्यावे लागेल, कारण कमी व्होल्टेजवर कॉइल जळते ही गोष्ट ऐकायला उलटी वाटते आणि कारण कळल्याशिवाय तिच्यावर कोणाचा विश्वास बसत नाही. पेटीतल्या मुख्य भागाला कॉन्टॅक्टर म्हणतात: बटण दाबले की कॉइल चुंबक बनून सुटे लोखंड स्थिर लोखंडाकडे ओढते, म्हणजे स्टार्टर ‘उचलतो’, आणि त्याबरोबर मोटरीला वीज देणारे पॉइंट मिटतात; कॉइलची वीज गेली की स्प्रिंग ते उघडते.

तारेतून वीज वाहू लागली की तारेभोवती चुंबकीय क्षेत्र निर्माण होते, हे डेन्मार्कच्या हान्स ख्रिस्तियन ओर्स्टेड यांनी १८२० मध्ये होकायंत्राची सुई हललेली पाहून दाखवून दिले. हाच प्रयोग ट्रॅक्टरच्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर करता येतो. हेडलाइटचा ५५ वॉटचा बल्ब मध्ये जोडून तारेतून साधारण साडेचार अँपिअर प्रवाह सोडला आणि ती तार उत्तर-दक्षिण दिशेने, सुईच्या २ सेंटिमीटर वर धरली, तर तारेचे क्षेत्र सुमारे ०.०४५ मिलिटेस्ला भरते (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचे एकक). पृथ्वीचे क्षेत्र आपल्याकडे ०.०४ मिलिटेस्लाच्या आसपास असल्यामुळे दोन्ही तुल्यबळ ठरतात आणि सुई काटकोनाच्या निम्म्याहून जास्त वळते. त्याच तारेचे २ सेंटिमीटर त्रिज्येचे २० वेढे घातले तर वेटोळ्याच्या मध्यभागी क्षेत्र सुमारे २.९ मिलिटेस्ला होते, म्हणजे साठपटीहून जास्त. बॅटरी तीच आणि बल्बही तोच; मात्र प्रत्येक वेढ्याचे क्षेत्र आत एकाच दिशेने असल्यामुळे ते एकमेकांत मिळत जाते. शाळेच्या पुस्तकात अशा लांबट वेटोळ्याला नालकुंतल म्हणतात, आणि उजव्या हाताची बोटे प्रवाहाच्या दिशेने वळवली की अंगठा आतल्या क्षेत्राची दिशा दाखवतो. म्हणून कॉइलचे बळ मोजताना नुसते अँपिअर पाहून भागत नाही. अँपिअर गुणिले वेढे हा हिशेब करावा लागतो. स्टार्टरच्या कॉइलमध्ये केसासारख्या बारीक इनॅमल तारेचे काही हजार वेढे असण्याचे कारण हेच आहे.

त्या वेढ्यांच्या आत लोखंड ठेवले की बळ आणखी कितीतरी वाढते. विल्यम स्टर्जन यांनी १८२५ मध्ये दाखवलेल्या विद्युतचुंबकात नालेच्या आकाराच्या, २०० ग्रॅमच्या लोखंडावर तारेचे अवघे १८ वेढे होते, आणि तेवढ्याने त्यांनी चार किलो वजन उचलले. लोखंडातून बलरेषा सहज जातात. हवेतून जायला त्यांना फार किंमत मोजावी लागते. एक टेस्ला इतके क्षेत्र १ मिलिमीटर हवेच्या फटीतून न्यायचे असेल तर जवळजवळ ८०० अँपिअर-वेढे लागतात, तर कॉन्टॅक्टरच्या लोखंडाच्या संपूर्ण वाटेला मिळूनही त्याच्या कितीतरी कमी पुरतात. हा ८०० चा आकडा लक्षात ठेवावा, कारण पुढे सगळे त्या एका मिलिमीटरभोवती फिरणार आहे.

आता एसी कॉइलचा मुख्य विषय. बॅटरीवरच्या कॉइलमध्ये किती प्रवाह जाईल ते तारेचा रोध ठरवतो आणि लोखंड आत असले काय किंवा नसले काय, त्या प्रवाहात फरक पडत नाही. आपल्या लाइनच्या वीजेवर मात्र तसे होत नाही. इथे प्रवाह सेकंदाला ५० आवर्तने करतो, बदलत्या बलरेषांमुळे कॉइलमध्येच उलटा दाब तयार होतो, आणि लाइनच्या व्होल्टेजला तोल देण्याइतका उलटा दाब तयार होईपर्यंत कॉइल लाइनमधून प्रवाह ओढत राहते. लोखंडाचे दोन्ही भाग घट्ट मिटलेले असतील तर थोड्या प्रवाहात पुरेशा बलरेषा तयार होतात. मध्ये फट असेल तर तेवढ्याच बलरेषांसाठी कॉइलला कितीतरी जास्त प्रवाह घ्यावा लागतो. थोडक्यात, बलरेषा किती असाव्यात ते व्होल्टेज ठरवते आणि त्यासाठी प्रवाह किती लागेल ते फट ठरवते. कॉन्टॅक्टर उघडा असताना कॉइल जो प्रवाह घेते तो मिटल्यानंतरच्या प्रवाहाच्या साधारण सहा ते दहा पट असतो. चांगल्या स्थितीत हा प्रवाह डोळ्याचे पाते लवेपर्यंतच टिकतो, आणि कॉइलची तार तेवढ्याच वेळासाठी आखलेली असते.

विश्वास बसत नसलेल्या गिऱ्हाइकाला मी दुकानातल्या टेस्टिंग बोर्डवर हे दाखवतो (घरी किंवा वावरात कोणी करू नये). २४० व्होल्टच्या कॉइलच्या मालिकेत ६० वॉटचा जुन्या पद्धतीचा पिवळा बल्ब जोडतो. कॉइलमध्ये लोखंड नसताना बल्ब चांगला पिवळा पेटतो. इंग्रजी ई अक्षराच्या आकाराचे लोखंडाचे दोन तुकडे दोन बाजूंनी आत सरकवत नेले की बल्ब लाल होत जातो, आणि दोन्ही तोंडे एकमेकांना भिडली की तो विझल्यासारखा दिसतो, वीज चालू असूनही. मग त्या तोंडांमध्ये पोस्टकार्डाचा एक तुकडा सरकवतो. तंतू पुन्हा लालसर होतो आणि लोखंड हातात थरथरू लागते. काकांनी हे पाहिले, पोस्टकार्ड स्वतः दोनदा घालून काढले, आणि त्यानंतर कॉइलच्या दर्जाविषयी ते काही बोलले नाहीत.

म्हणून प्रश्न असा उरतो की बटण दाबल्यावर लोखंड पूर्ण मिटत का नाही. याचे उत्तर बहुतेक वेळा आवाजावरूनच लागते, आणि पेटी उघडण्यापूर्वी मी आधी कान देतो.

स्टार्टर उचलतो, मोटर चालते, पण पेटीतून सतत जाड घुमघुम येत राहते, हा पहिला प्रकार. यात लोखंड जवळपास मिटलेले असते, पण तोंडांमध्ये काहीतरी अडकलेले असते. आपल्याकडे ते काहीतरी म्हणजे बहुधा कुंभारमाशीचे मातीचे घरटे, चिरडलेल्या मुंग्या, काळ्या मातीची धूळ, किंवा क्वचित पालीचे शेपूट असते. अर्धा मिलिमीटर चिखल म्हणजे एक टेस्लासाठी ४०० अँपिअर-वेढ्यांचा जादा बोजा, हे वरच्या हिशेबावरून निघते. याच प्रकारात आणखी एक जागा पाहावी लागते. लोखंडाच्या तोंडावर खाचेत बसवलेले तांब्याचे किंवा पितळेचे बारीक कडे असते. एसीमध्ये प्रवाह सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो आणि दर वेळी ओढ सुटून स्प्रिंग लोखंडाला मागे ढकलू पाहते. या कड्यात तयार होणारा प्रवाह तोंडाच्या तेवढ्या भागातल्या बलरेषांना उशीर लावतो, त्यामुळे एका भागातली ओढ शून्य होते तेव्हा दुसऱ्या भागात ती शिल्लक असते. कडे तडकले की कॉइल नवी असो वा जुनी, स्टार्टर घुमणारच. तडा केसाएवढा असतो आणि नुसत्या डोळ्यांना चकवतो, म्हणून तो बॅटरीच्या उजेडात, कडे नखाने हलवून पाहावा.

दुसरा प्रकार टक-टक-टक असा तुटक आवाज देतो, जणू कोणी पेटीच्या आतून दार ठोठावत आहे. हा व्होल्टेजचा किंवा सैल जोडणीचा आजार आहे, आणि माझ्या अनुभवात सर्वांत जास्त कॉइल हाच खातो. तिसऱ्या प्रकारात आवाजच येत नाही. तेव्हा कॉइल आधीच तुटलेली असते, किंवा ओव्हरलोड रिले (मोटरीने जास्त प्रवाह घेतला की स्टार्टर सोडवणारा भाग) ट्रिप झालेला असतो, किंवा कॉइलपर्यंत वीज पोहोचत नसते. त्यावर इथे जास्त लिहीत नाही, कारण तो वारंवार होणारा दोष नव्हे.

पेटी उघडण्याविषयी एक गोष्ट आधी सांगितली पाहिजे. आपल्याकडे शेतीच्या फीडरची पाळी बदलते आणि गेलेली वीज कोणत्याही क्षणी परत येते, त्यामुळे “लाइन गेली आहे” म्हणून आत हात घालणे हा जीवाशी खेळ आहे. मेन स्विच पाडावा, तिन्ही किटकॅट (फ्यूज) उपसून स्वतःच्या खिशात ठेवावेत, पेटीत कपॅसिटर असेल तर त्यात साठलेली वीज उतरू द्यावी, आणि तिन्ही टोके टेस्टरने तपासावीत. वीज चालू ठेवून घ्यायची मापे परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावीत, ओल्या धुऱ्यावर उभे राहून तर नाहीच.

काकांच्या वावरात मी गेलो तेव्हा आधी पहिला प्रकारच सापडला. कॉन्टॅक्टर खोलल्यावर मधल्या तोंडावर कुंभारमाशीच्या मातीची हरभऱ्याच्या डाळीएवढी खपली दबून चपटी झालेली होती. ती लाकडी काडीने काढली, तोंडे पेट्रोलच्या फडक्याने पुसून कोरडी केली, नवी कॉइल बसवली, आणि दुपारी स्टार्टर बिनआवाज चालला. मी निदान झाले असे समजून परतलो, आणि ती माझी चूक होती, कारण चार दिवसांनी रात्रपाळीत तीही कॉइल गेली. दुपारी त्या डीपीवर (शिवाराला वीज देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवर) फारशा मोटरी चालू नव्हत्या. रात्री सगळा शिवार एकदम ओलीत करत होता.

दुसऱ्या खेपेला रात्री दहा वाजता गेलो. मोटर बंद असताना स्टार्टरच्या टोकांवर दोन फेजमध्ये ३७२ व्होल्ट होते. बटण दाबताच मीटर २६२ वर कोसळला, स्टार्टर सुटला, मीटर वर चढला, स्टार्टरने पुन्हा ओढ घेतली, आणि बटण सोडेपर्यंत हेच चक्र चालू राहिले. ५ एचपीची मोटर चालताना सात-आठ अँपिअर घेते, पण सुरू होताना त्याच्या पाच-सहा पट. खांबापासून विहिरीपर्यंतची १८० मीटर केबल ४ चौरस मिलिमीटर ॲल्युमिनियमची होती. तिच्या एका तारेचा रोधच सव्वा ओहमच्या घरात जातो, म्हणजे ४० ते ४५ अँपिअरला पन्नासेक व्होल्ट एकट्या तारेत खर्ची पडतात. त्यात एका फेजचा किटकॅट जळून काळा झाला होता आणि पाती सैल होती.

आता २६२ व्होल्टचा अर्थ कॉइलच्या बाजूने पाहू. कॉइलवर ४१५ छापलेले होते. कॉन्टॅक्टरच्या मानकांनुसार कॉइलने छापील व्होल्टेजच्या ८५ टक्क्यांपर्यंत, म्हणजे सुमारे ३५३ व्होल्टपर्यंत खात्रीने उचलले पाहिजे. त्याखाली ती उचलेलच असे नाही, आणि ७५ टक्क्यांच्या खाली ती कधीही सुटू शकते. २६२ म्हणजे ६३ टक्के. बलरेषा व्होल्टेजच्या प्रमाणात उतरतात, पण ओढ बलरेषांच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणून उरलेली ओढ फक्त ४० टक्के. तेवढ्यात स्प्रिंग दाबली जात नाही आणि लोखंड उघडेच राहते. उघड्या लोखंडावर पूर्ण व्होल्टेजला आठपट प्रवाह धरला, तर ६३ टक्क्यांना तो पाचपट होतो, आणि तारेतली उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढत असल्यामुळे ती पंचवीसपट. व्होल्टेज कमी असून कॉइल जळते ती अशी. तारेवरचे इनॅमल आधी दोन-चार वेढ्यांमध्ये सुटते, ते वेढे आपसात शॉर्ट होऊन आणखी तापतात, आणि मग काकांनी सांगितलेला वास येतो.

हाच हिशेब चुकीच्या कॉइललाही लागू पडतो. कॉइल घेताना फक्त आकार जुळवून घेतली जाते आणि छापील आकडा वाचला जात नाही, हे मी आठवड्यातून एकदा तरी पाहतो. ४१५ ची कॉइल फेज आणि न्यूट्रलवर जोडली तर तिला २४० व्होल्ट मिळतात, ओढ एक-तृतीयांश उरते आणि ती घुमून जळते. उलट २४० ची कॉइल दोन फेजवर जोडली तर लोखंडात बलरेषांना जागाच उरत नाही, प्रवाह बेसुमार वाढतो आणि काही मिनिटांत धूर निघतो. न्यूट्रल नाही म्हणून जमिनीत सळई ठोकून त्यावर कॉइल चालवणारेही भेटतात. त्या सळईजवळ ओल्या मातीत बैल किंवा माणूस आला तर काय होईल याचा विचार त्यांनी केलेला नसतो.

काकांकडे जे केले ते असे. जळका किटकॅट बदलून सगळे स्क्रू कसले, केबल १० चौरस मिलिमीटरची टाकली, आणि शेतीच्या स्टार्टरसाठी मिळणारी रुंद पट्ट्याची, म्हणजे कमी-जास्त व्होल्टेजवरही उचलणारी कॉइल बसवली, जिच्यावर एकाऐवजी दोन आकडे छापलेले असतात. मोटरीला २ केव्हीएआरचा कपॅसिटरही जोडला. त्यामुळे चालू मोटरीचा लाइनवरचा प्रवाह कमी होतो आणि डीपीवरच्या सर्वांनीच तो जोडला तर रात्रीचे व्होल्टेज थोडे सावरते. ऑटो स्विचवर मात्र आमचा थोडा वाद झाला. वीज येताच मोटर आपोआप सुरू व्हावी म्हणून शिवारात जवळजवळ प्रत्येकाने तो बसवला आहे, आणि रात्री अंधारात, रानडुकरांच्या वाटेवरून विहिरीपर्यंत कोणी जायचे हा त्यामागचा प्रश्न खोटा नाही. पण एका डीपीवरच्या वीस मोटरी एकाच क्षणी सुरू झाल्या तर व्होल्टेज कोणाच्याच वाट्याला पुरत नाही. शेवटी ऑटो स्विच ठेवला, पण त्यात वेळ लावण्याची सोय असलेला, आणि शेजारच्या तिघांशी बोलून प्रत्येकाचा उशीर वेगळा ठेवला. आता बटण दाबल्यावर मीटर ३१८ च्या खाली जात नाही आणि स्टार्टर एकाच ठोक्यात बसतो.

टक-टक आवाज असूनही व्होल्टेज चांगले सापडले तर कॉइलच्या वाटेतले सांधे पाहावेत. कॉइलची वीज लाल बटणातून, ओव्हरलोड रिलेच्या संपर्कातून आणि स्टार्टर बसल्यावर त्यालाच धरून ठेवणाऱ्या बाजूच्या छोट्या पॉइंटमधून फिरते. यांपैकी एकही पॉइंट काजळला किंवा स्क्रू सैल झाला की मोटरीच्या थरथरीबरोबर कॉइलची वीज तुटत-जुळत राहते. कॉइल स्वतः ठीक आहे का हे तपासायला तिची दोन्ही टोके सोडवून मल्टिमीटरने रोध मोजावा आणि त्याच छापाच्या नव्या कॉइलशी ताडून पाहावा. बराच कमी भरला तर आतले वेढे शॉर्ट झालेले आहेत.

काही उपाय रोगापेक्षा वाईट असतात. कॉइल जळल्यावर कॉन्टॅक्टर दाबून त्यात लाकडाची पाचर ठोकलेली मी अनेक पेट्यांत पाहिली आहे. ओव्हरलोड रिले मोटरीची लाइन स्वतः तोडत नाही, तो कॉइलची वीज तोडतो आणि कॉइल सुटल्यावर पॉइंट उघडतात. पाचर मारली की रिले असून नसल्यासारखा होतो, एक फेज गेली तरी मोटर जोडलेलीच राहते, आणि शे-दोनशेच्या कॉइलच्या जागी हजारोंचे वाइंडिंग जाते. दुसरा प्रकार म्हणजे लोखंडाच्या तोंडांवर कानस फिरवणे. ती तोंडे कारखान्यात घासून सपाट केलेली असतात आणि मधल्या पायाचे तोंड मुद्दाम किंचित आखूड ठेवलेले असते, म्हणजे वीज गेल्यावर लोखंडात उरलेल्या चुंबकत्वाने कॉन्टॅक्टर चिकटून राहू नये. बाहेरची तोंडे कानशीने किंवा वर्षानुवर्षांच्या ठोक्यांनी झिजली की ती बारीक फट संपते, आणि मग लाल बटण दाबूनही मोटर बंद होत नाही. ग्रीस लावलेल्या तोंडांचेही तेच होते. त्यावर धूळ बसून डिंक तयार होतो. असा चिकटणारा कॉन्टॅक्टर नव्या कॉइलने सुधारत नाही, लोखंडासकट बदलावा लागतो.

म्हणून दुकानात येताना नुसती जळकी कॉइल आणू नये. लोखंडाचे दोन्ही भाग आणि स्प्रिंगही पिशवीत घालून आणावे, आणि मोटर सुरू करताना स्टार्टरच्या टोकांवर व्होल्टेज किती उतरते तो आकडा, रात्रपाळीतला, वायरमनकडून लिहून आणावा.